प्रति: मित्राला देवाजवळ कसं आणावं?

आई गेल्यापासून तुमचा मित्र चर्चला येत नाही, त्याला रोज बायबलमधली वचनं पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, वचनं राहू द्या, तुम्हीच जा. बायबलमध्ये, मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, चौघं पक्षघाती माणसाला छप्पर उसवून खाटेसकट येशूपुढे सोडतात. त्याला उपदेश करत बसत नाहीत. आणि येशू त्या चौघांचा विश्वास पाहतो! घाईही नको. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका सहप्रवाशाने नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला. बाप्तिस्मा मात्र लगेच नाही, 1895 मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा तर 1900 मध्ये. रविवारी उपासना आटोपली की चर्चमधून थेट त्याच्याकडे जा, चहा घ्या, त्याला आईबद्दल बोलू द्या. प्रार्थना मात्र त्याला विचारूनच करा.