मदत हवी आहे: कपाळाच्या कडेचे केस विरळ, सैल क्रोशे ब्रेड्स ठाण्यात कोण घालून देतं?

माझे केस कुरळे आणि दाट, पण कानशिलांजवळ आणि कपाळाच्या कडेला विरळ झालेत. भरतनाट्यमची गंगावन लावून घट्ट घातलेली वेणी हे कारण. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्रॅक्शन अलोपेशिया (सतत ओढ बसून केस गळणं) सांगितलाय. मुळं शाबूत आहेत, ओढ थांबली तर केस परत येतील म्हणाल्या. मिनॉक्सिडिल (केस वाढायला लावायचं औषध) चालू आहे, तेव्हा कांद्याचा रस सुचवू नका प्लीज. तो आईने लावून झालाय.

गणपतीपर्यंत कार्यक्रम नाही, म्हणून तोवर क्रोशे ब्रेड्स करायचा विचार आहे. आत स्वतःच्या केसांच्या कॉर्नरोज, म्हणजे टाळूला लागून घातलेल्या बारीक वेण्या, आणि त्यांत आकडीने कृत्रिम केस ओवायचे, म्हणजे रोजचं विंचरणं-ओढणं वाचेल. पण सगळा खेळ आतल्या वेण्या किती सैल यावर. नौपाड्यातल्या एका पार्लरमध्ये विचारलं, तर ताई थेट कपाळाच्या कडेपासूनच बट उचलायला निघाल्या. ‘घट्ट बांधलं तरच टिकतं’ म्हणे! मला कडेचे बोटभर केस मोकळेच ठेवायचेत, औषधही तिथेच लागतं.

रोज ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाते, घाम भरपूर, त्यामुळे डोकं धुता यायलाच हवं. कृत्रिम केसांनी खाज येऊ नये म्हणून ते आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून धुणार आहे. केस लांब नकोत, खांद्यापर्यंत पुरे.

ठाणे, ऐरोली किंवा वाशीत असं सैल काम करणारं कोणी स्वतः अनुभवलंय का? आणि कड मोकळी सोडली तर तिच्यामागच्या पहिल्या ओळीत कृत्रिम केस किती कमी ओवायला सांगू?