तिघे गेले आणि पकडच गेली

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मुलांची कबड्डी बघतो. मागच्या वर्षी आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. यंदा पहिल्याच सामन्यात घरी आलो.

चढाईपटू तेच दोघं आहेत, उलट आता जास्त तयार झालेत. गेले ते पकडवाले तिघं. डावा कोपरा, म्हणजे डाव्या कडेला उभा राहून पकड करणारा, पोलीस भरतीत लागला, उजवा कोपरा सुरतला कापड मार्केटात गेला, डावा मध्यरक्षक बी.ए. करून घरची केळी बघतो. त्यांच्या जागेवरची पोरं ताकदीनं कुठंच कमी नाहीत. एकानं घोटा धरला की सुटणं अवघड. पण ही पकड समोरासमोर एकेकटं उभं केल्यावरची. सातजण मॅटवर उतरले की कोपरा झेप घेतो, मध्यरक्षक जागेवरच राहतो आणि चढाईपटू दोघांना बाद करून रेषेपार.

त्या सामन्याची वही समोर आहे. १७ वेळा पकडीला गेलो, जमल्या ३. दोन लोण बसले, म्हणजे दोनदा अख्खा संघ बाद. चढाईपटू बदलला तर संघ पंधरा दिवसांत सावरतो हे मी पाहिलंय. पकडवाले गेल्यावर का सावरत नाही? पोरांना बोल लावायचा नाही मला. माझ्या तयारीत काय राहिलं ते सांगा.

उजवाकोपरा (धुळे)

सर, मी धुळ्यात गल्लीच्या संघातून नऊ वर्षं उजवा कोपरा खेळलो. एकच विचारतो, पोरं मैदानात बोलतात का?

चढाई एकट्याची असते. तीस सेकंद, त्याचा श्वास, त्याचं डोकं. पकड मात्र कोपऱ्यानं घोटा धरल्यावर सुरू होते. तो खाली गेला की वरून दाबायला शेजारचा त्याच क्षणी यायला हवा. अर्धा श्वास उशीर झाला तरी चढाईपटू त्याला ओढत रेषेपर्यंत नेतो. माझा मध्यरक्षक आणि मी साखळीत हात धरून उभे राहायचो. त्याच्या बोटांवरून मला कळायचं, आता जायचं की थांबायचं. तोंडानं तो अहिराणीत एवढंच म्हणायचा, "जाय, मी शे!" (जा, मी आहे). हे ऐकलं की मी डोळे मिटून झेप घ्यायचो. हे जमायला आम्हाला दोन मोसम लागले आणि पहिल्या मोसमात आम्ही पुष्कळ मार खाल्ला.

आणखी एक, आणि हे लोक विसरतात. तुमचा चांगला चढाईपटू बाद झाला की त्याला आत आणतं कोण? आपला गुण. समोरचा एक बाद, आपला एक गडी आत. पकड होत नसेल तर तुमचा हुकमी गडी बाहेर बसून राहतो, आणि आत उरलेल्या चौघा-तिघांवर समोरचा सुटतो. त्यामुळे वहीत चढाईचे गुणही घसरलेले दिसतील. बघा जरा.

भडगाव

धुळ्याच्या दादांशी सहमत. प्रो कबड्डीत मुंबईच्या यू मुंबा संघाचे कोपरे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर आठवा. २०१५ ला विजेतेपद, पुढच्या मोसमात अंतिम फेरी. चौथ्या मोसमात दोघंही बंगळुरूला गेले आणि यू मुंबा पहिल्यांदाच उपांत्य फेरीबाहेर राहिला. बाकी कारणंही असतील, पण ती जोडी पुढं हरयाणानंही सोबतच घेतली, यातच काय ते आलं.

चाळीसगावकर (सध्या लुइझियाना, अमेरिका)

सर, खेळ वेगळा आहे पण तुमचंच दुखणं इथं मी डोळ्यांनी पाहिलं. इथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा खेळ, एका बाजूला अकरा. पोरं दर तीन-चार वर्षांनी निघून जातात, अगदी आपल्यासारखी.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ २०१९ च्या मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांचे १४ खेळाडू व्यावसायिक संघांनी निवडले, त्यात बचावातले बरेच. बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडाही दुसऱ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. नवीन माणसानं नवी मांडणी आणली, आणि करोनामुळे वसंतातला सराव बुडालेला. पहिलाच सामना मिसिसिपी स्टेटशी, ४४-३४ नं हरले. समोरच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्यानं, फेकून ६२३ यार्ड काढले. त्या वर्षी ५ जिंकले, ५ हरले. पळण्यात पोरं कुठं कमी पडत नव्हती. पण दोन बचावपटूंच्या मधला माणूस कुणाचा, यावर घोटाळा व्हायचा आणि तो माणूस मोकळा सुटायचा.

आता उलटं बघा. जॉर्जिया विद्यापीठाचे २०२२ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या फेरीतच पाच बचावपटू निवडले गेले. तरी पुढच्या मोसमात ते सगळे सामने जिंकले, अंतिम सामना ६५-७. कारण २०२१ मध्येच ते बचावातले गडी आलटून पालटून खेळवत होते. त्यांचा बचावपटू जॅलन कार्टर तेव्हा बहुतेक सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत नसायचा, पण मैदानावर भरपूर असायचा. जागा रिकामी झाली तेव्हा तिथं उभा राहणारा नवखा नव्हता.

तुमचे राखीव मागच्या वर्षी किती मिनिटं खेळले, सर?

तापीकाठ (चोपडा)

दादा, तुमचा प्रश्न वाचून मागच्या वर्षीची वही काढली. राखीव कोपरा सहा सामन्यांत उतरला तो फक्त शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, तेही आपण वीसेक गुणांनी पुढं असताना. तिन्ही जुने मी एकदाही बसवले नाहीत. जिंकत होतो, भीती वाटायची. हेच चुकलं. धुळ्याच्या दादांचंही खरं निघालं, चढाईचे गुण निम्म्यावर आलेत आणि मी ते पोरांच्या थकव्यावर ढकलत होतो.

बोलण्याचं काल संध्याकाळी तपासलं. सातजण उभे केले, वीस चढाया झाल्या. एकदाही कुणी तोंड उघडलं नाही. जुने तिघं एकाच पाड्यावरचे, लहानपणापासून अहिराणीतच ओरडायचे. नवी पोरं तीन गावांची, त्यातला एक पावरा आदिवासी, त्याला अहिराणी नीट येत नाही. आज तिघांना बसवून हाका ठरवल्या. पावरा पोरगा म्हणाला, "सर, माझ्या भाषेत एक ठेवू का?" ठेवली.

सुरतवाल्याला रात्री फोन केला. दिवाळीला मार्केट बंद असतं, तो आठ दिवस गावी आहे. म्हटलं, खेळू नको, नव्या कोपऱ्याच्या मागं उभा राहून नुसतं बोल. "मी येस सर," म्हणाला, म्हणजे येतो. कापूस वेचून पोरं साडेपाचला मोकळी होतात, तेव्हापासून अंधार पडेपर्यंत. जुना मध्यरक्षक केळीची गाडी भरून झाली की येतो म्हणालाय.

आणि पुढच्या मोसमात पहिल्या वर्षाचे दोघं प्रत्येक सामन्यात पहिल्या दहा मिनिटांत कोपऱ्यावर उतरतील. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.