चर्चा: २४ डिस्कच्या शेल्फला ९२०७-८ई पुरेसं आहे का?

शेल्फवाला: नेटअ‍ॅपचं जुनं डीएस४२४६ शेल्फ (डिस्कची बाहेरची पेटी: २४ डिस्क, केबल जोडायला आयओएम६ मॉड्यूल) लिनक्सवर झेडएफएस या फाइल सिस्टिमसाठी लावायचं असेल तर एलएसआय ९२०७-८ई हे एचबीए (डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड) घ्यावं, हे माझं ठाम मत. २३०८ चिप, पीसीआयई ३.० च्या आठ लेन, बाहेर दोन एसएफएफ-८०८८ पोर्ट. शेल्फकडे क्यूएसएफपी असतो, म्हणून केबल क्यूएसएफपी ते एसएफएफ-८०८८ अशीच मागा. फर्मवेअर आयटी मोडचं (डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं), २०.००.०७.००. पी२० च्या (या २० क्रमांकाच्या फर्मवेअरच्या) सुरुवातीच्या आवृत्त्या त्रासदायक होत्या, त्यामुळे विक्रेता नुसतं ‘पी२० आहे’ म्हणाला तर थांबू नका, सास२फ्लॅश या फर्मवेअरच्या टूलमध्ये पूर्ण आकडा बघा. शेल्फवरून बूट करायचं नसेल तर कार्डावर बूट बायोस टाकूच नका, मशीन लवकर सुरू होतं.

बारा_जी: अजिबात पटत नाही. आज पैसे घालायचे तर ९३००-८ई मध्ये घाला. ३००८ चिप आहे, ड्रायव्हर तोच एमपीटी३सास. उद्या १२ जीचं (लेनमागे सेकंदाला १२ गिगाबिटचं) शेल्फ आलं तर कार्ड बदलावं लागणार नाही.

शेल्फवाला: उद्याचं उद्या. आज आयओएम६ हा ६ जीचाच आहे, कुठलंही कार्ड लावा, लिंक ६ वरच जुळणार. एका केबलमध्ये चार लेन, म्हणजे कागदावर सेकंदाला २४०० एमबी, हातात साधारण २२००. स्क्रब (झेडएफएसची सगळ्या डेटाची तपासणी) चालू असताना २४ डिस्कमध्ये वाटले की प्रत्येकीला ९० च्या आसपास. अडचण शेल्फच्या बाजूला आहे, कार्डाच्या नाही. वर ९३०० चे पोर्ट एसएफएफ-८६४४, म्हणजे केबलही वेगळी.

कॅशप्रेमी: तुम्ही दोघंही रेड कार्ड (डिस्क एकत्र करून स्वतः सांभाळणारं) आधीच बाद करून बसलात. वीज अचानक गेली तर कॅशव्हॉल्ट असलेलं कार्ड सुपरकपॅसिटरच्या जोरावर कॅशमधला डेटा फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतं. साध्या एचबीएकडे काय आहे? कार्ड मेलं तर त्याच घराण्यातलं दुसरं लावा, ‘फॉरेन कॉन्फिग’ (डिस्कवर नोंदलेली आधीची मांडणी) इम्पोर्ट करा, झालं.

तांबडा_दिवा: एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यासाठी कॅशप्रेमींचं म्हणणं रास्त आहे. झेडएफएसला मात्र डिस्क थेट दिसायला हवी. मध्ये रेड कार्ड बसलं की स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती नीट पोचत नाही आणि डिस्कवर खरंच काय लिहिलं गेलं ते झेडएफएसला कळत नाही.

पण धाग्यात खऱ्या दुखण्याबद्दल कुणीच बोललं नाही: उष्णता. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत, सुमारे २०० एलएफएम (मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा) लागतो. डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये तेवढा वारा नसतो. हीटसिंकवर छोटा पंखा बसवा आणि सुकलेली थर्मल पेस्ट बदला. लक्षण ओळखायचं असं: एकच डिस्क गळाली तर डिस्क किंवा तो स्लॉट तपासा. स्क्रबच्या मध्यावर सगळ्या डिस्क एकदम गायब झाल्या तर संशय कार्ड, केबल किंवा मॉड्यूलवर. अशा वेळी डिस्क बदलत बसण्यात अर्थ नाही.

शेल्फवाला: पंख्याचं शंभर टक्के मान्य. अजून दोन गोष्टी. नेटअ‍ॅपच्या डिस्क बहुतेक वेळा ५२० बाइट सेक्टरच्या येतात. एसजी_फॉरमॅट या कमांडने साइज ५१२ देऊन फॉरमॅट करा. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून यूपीएसवरच करा. दुसरं, दोन्ही आयओएमना केबल लावली की २४ च्या ४८ डिस्क दिसू लागतात. बिघाड नाही, दोन वाटा आहेत. मल्टीपाथ (दोन्ही वाटा मिळून एकच डिस्क दाखवणारी सोय) लावा, नाहीतर एक केबल काढा. साध्या साटा डिस्कला एकच पोर्ट असतो, इंटरपोझर (दुसरं पोर्ट देणारा छोटा जोड) नसेल तर ती एकाच मॉड्यूलला दिसेल.

बारा_जी: तुमचा हिशोब ६ जीच्या शेल्फपुरता बरोबर. १२ जीचा एक्सपांडर (शेल्फमधली, कार्डाची लिंक सगळ्या डिस्कना वाटणारी चिप) आला की तो ६ जीच्या डिस्कचाही डेटा बफर करून कार्डाकडची लिंक १२ वर चालवू शकतो, तिथे ९२०७ आडवं येतं. ज्याला दोन वर्षांत शेल्फ बदलायचंय त्याने ९३०० च घ्यावं, यावर मी ठाम आहे.

तांबडा_दिवा: आणि जो बदलणार नाही त्याने उरलेल्या पैशात दुसरं ९२०७ घेऊन, तेच फर्मवेअर टाकून, कपाटात ठेवावं.