मदत हवी आहे: आत्याकडचा जुना तान्ह्या पोळ्याचा नंदी, रंग खरवडायचा की तसाच ठेवायचा?

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहून राहिलो.

नागपूरच्या महाल भागातलं आत्याचं जुनं घर पाडायला काढलंय. मागच्या महिन्यात माळा रिकामा करताना गोधड्यांच्या खाली एक लाकडी नंदी निघाला, दीड हात उंच, मोठं वशिंड, चार चाकं आणि एक शिंग तुटलेलं. आत्या म्हणते माझे आजोबा लहानपणी हाच ओढत बोजारा मागायला जायचे, आणि आजोबांचा जन्म १९१५ चा. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, लोक हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात तो बोजारा. १८०६ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं इथं सगळे सांगतात. त्याच दिवशी मारबत, म्हणजे वाईट गोष्टी गावाबाहेर घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक, पण निघते.

मी दहाएक वर्षांपासून अशा लोककलेच्या वस्तू जमवतोय, बस्तरचं ढोकरा काम (पितळेचं ओतकाम), भंडाऱ्याकडची जुनी पितळी भांडी, मातीचे घोडे, गोधड्यासुद्धा. पण रंगवलेलं जुनं लाकूड पहिल्यांदाच हाती आलं, त्यामुळे काही सुचून नाही राहिलं.

मुख्य प्रश्न रंगाचा. घरात दर दोन-चार वर्षांनी याला नवीन रंग मारायचे. उजव्या कानामागे टवका उडालाय तिथं बॅटरी मारून पाहिलं तर थर मोजता येतात, वर चकचकीत पांढरा ऑइलपेंट, खाली निळा, त्याखाली परत पांढरा, मग गेरूसारखा लाल, आणि लाकडाला चिकटून खडूसारखा भुरभुरीत थर. पोटाखाली जिथं ऑइलपेंटचा ब्रश पोचला नाही तिथं जुन्या झुलीची पिवळी किनार अजून दिसते, हाताने काढलेली, एकेक ठिपका वेगळा. एक फर्निचरवाला घरी येऊन म्हणाला की सगळं खरवडून सागवानाला पॉलिश मारू, दिवाणखान्यात शोभेल, किंमत पण वाढेल. माझं मन धजत नाही. रंग गेला तर चार पिढ्यांचा पोळाच पुसून टाकल्यासारखं होईल.

आणि मला याचा चटका एकदा बसलाय. सहा वर्षांपूर्वी कोंडागावकडून आणलेला जुना ढोकरा हत्ती मी इथल्याच एका पॉलिशवाल्याकडे दिला, फक्त हिरवट डाग काढा म्हटलं होतं, त्याने बफ मारून सोन्यासारखा लख्ख करून दिला. मेणाचे बारीक धागे गुंडाळून केलेलं काम असतं ते, ओतल्यावर त्या धाग्यांच्या रेषा पितळेत उतरतात, त्याच गुळगुळीत झाल्या. पोटात काळी माती आहे म्हणून ढोकरा काम ओळखू येतं एवढंच, अंगावर आता काहीच उरलं नाही. तेव्हापासून पितळेला चिंच, पीतांबरी काहीच लावत नाही, मऊ कापडाने पुसतो आणि ठेवून देतो.

दुसरी काळजी किडीची. मागच्या पायाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत. खाली काळा कागद अंथरून ठेवला होता, आठ दिवसांत पिठासारखा भुसा पडला म्हणजे आत अजून जिवंत आहे. शेजारचे काका म्हणतात रॉकेल चोळ, पण त्याने रंग मऊ पडेल अशी भीती वाटते. म्युझियमवाले वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० डिग्रीला आठवडाभर ठेवतात हे माहिती आहे, पण एवढा नंदी घरच्या फ्रीजरमध्ये मावत नाही आणि मिरची-संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तेवढी थंडी नसते. आइस्क्रीमवाल्यांचं मोठं फ्रीजर कोणी असं वापरलंय का? आणि एवढ्या थंडीत जुन्या रंगाला तडे जातात का?

सध्या त्याला कूलरच्या खोलीतून हलवून आतल्या खोलीत ठेवलाय, कारण मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत कूलरची ओल, लाकूड फुगून-आकसून मानेपाशी एक चीर पडली होतीच. तीन चाकं जुनी, घडीव चौकोनी खिळ्यांची, चौथ्याला प्लसचा स्क्रू आहे म्हणजे ते नंतर बसवलेलं.

आजोबांच्या हिशोबाने वस्तू शंभर वर्षांच्या आसपास जाते. १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरते एवढं माहीत आहे. विकायचा तर विचारच नाही, पण घरी ठेवायला नोंदणी लागते का, आणि वय दाखवायला आत्याच्या बोलण्याशिवाय काय पुरावा चालतो? अजब बंगल्यात (नागपूरचं सरकारी म्युझियम) कोणी अशी वस्तू दाखवायला नेली असेल तर कुठल्या टेबलावर जायचं तेवढं सांगा.

चितार ओळीत, म्हणजे इथल्या मूर्तिकार-चिताऱ्यांच्या गल्लीत, जुन्या पद्धतीने, खडू-डिंकाचा थर देऊन काम करणारं कोणी अजून आहे का? तुटलेलं शिंग आणि तो कानामागचा टवका, एवढंच सांभाळून घ्यायचंय, बाकी काही नको.

घाई एवढ्यासाठी की माझी मुलगी सहा वर्षांची आहे, या तान्ह्या पोळ्याला हाच नंदी ओढायचा म्हणून हटून बसली आहे. पोळ्याला तीन महिने आहेत. डांबरी रस्त्यावर ही चाकं टिकतील का, की तिला नवीन नंदी घेऊन द्यावा आणि याला अंगणातच पूजेला बसवावा, हे पण ज्यांच्या घरी जुने नंदी आहेत त्यांनी सांगा.