आर्सेनिक ओढणारा नेचा (टेरिस व्हिटाटा): २ गुंठ्यांवर लावावा का?

धानकरी
छत्तीसगडात अंबागड चौकीजवळ, गडचिरोलीच्या हद्दीला लागून २ गुंठे धानाचा तुकडा आहे. वरच्या थरात आर्सेनिक ४० मिलिग्रॅम प्रतिकिलो, सामू (पीएच, जमीन किती आंबट ते) ५.८. बोअरच्या पाण्यात ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर, उन्हाळी धान त्याच पाण्यावर. नेचा लावून माती २० पर्यंत उतरेल का, किती वर्षांत? डीएपी (विरघळणाऱ्या फॉस्फेटचं खत) टाकावं का? आणि एवढं विष पचवून हे झाड मरत कसं नाही?

पर्णांग
शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. हवेशीर मातीत आर्सेनिक आर्सेनेट या रूपात असतं; त्याची आणि फॉस्फेटची ठेवण इतकी सारखी की मूळ फॉस्फेट समजून आर्सेनेट आत घेतं. कोरड्या मातीत धानही तेच करतो. फरक पुढे आहे. आत गेल्यावर आर्सेनेटचं आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिकचं दुसरं रूप, होतं. बहुतेक झाडं ते गंधकयुक्त रेणूंना बांधून मुळांमध्येच अडवतात. हा नेचा बांधाबांध फारशी करत नाही, सरळ पानात चढवतो आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडतो. तिच्या पडद्यावर एसीआर३ नावाचं प्रथिन पंपासारखं बसलेलं असतं. त्याचं भावंड यीस्टमध्ये आहे, पण सपुष्प वनस्पतींमध्ये हे जनुकच उरलेलं नाही.

२००१ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या लेना मा यांच्या गटाने हा नेचा आर्सेनिक साठवतो हे उघड केलं. १५०० मिलिग्रॅम प्रतिकिलो आर्सेनिक मिसळलेल्या मातीत सहा आठवड्यांत सुक्या पानात २२,६३० मिलिग्रॅम प्रतिकिलो! हाच आकडा सगळीकडे फिरतो आणि लोक हुरळतात. तुमची माती ४० ची आहे, तिथे एवढं भरणार नाही.

डीएपी नको. विरघळलेलं फॉस्फेट त्याच दारात आर्सेनेटशी धक्काबुक्की करतं. रॉक फॉस्फेट द्या, ते हळू सुटतं आणि या नेच्याला मानवतं. सामू ७ च्या आसपास आणायला चुना लागेल. हा जुन्या चुन्याच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर उगवणारा गडी आहे, आंबट जमिनीत कुढतो.

वाफा_आणि_विळा
आधी रोप बरोबर आहे का ते बघा. नर्सरीत "फर्न" म्हणून नेफ्रोलेपिस गळ्यात मारतात, तो आर्सेनिक साठवत नाही. पान उलटं करा: नेफ्रोलेपिसला मागे सुटे ठिपके दिसतील. टेरिस व्हिटाटाची पानाची कड आत दुमडलेली असते आणि त्या घडीखाली बीजाणूंची सलग तपकिरी रेघ. टोकाची पत्तीही लांबलचक असते.

लागवड ३० सेंमीवर, म्हणजे २ गुंठ्यांना सुमारे २२०० रोपं. सपाट धानाच्या बांधीत लावलंत तर पहिल्याच पावसात मुळं कुजतील, गादीवाफे हवेतच. शिवाय पाणी तुंबलं की मातीतलं आर्सेनेट आर्सेनाइट बनतं, ते धानाच्या मुळात सिलिकॉनच्या वाटेने सहज शिरतं. नेच्याला हवेशीर मातीतलं आर्सेनेट हवं. तुमच्याकडच्या मे महिन्यात शेडनेट लागेल.

कापणी वर्षातून दोनदा: पावसाळा संपल्यावर आणि मृगाच्या आधी. जमिनीपासून १०-१५ सेंमी वर कापा, गुंडाळलेले कोवळे कोंब राखा. पान तपकिरी होईपर्यंत थांबू नका. वाळक्या पानातून पावसाच्या पाण्यासोबत आर्सेनिक परत मातीत झिरपतं, म्हणजे वर्षाची मेहनत वाया.

मातीमोल
आता हिशेब. २ गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटर. २० सेंमी खोल थर, घनता घनमीटरला १.३ टन धरली तर ५२ टन माती. ४० वरून २० म्हणजे १ किलोहून थोडं जास्त आर्सेनिक बाहेर काढायचंय. सुकी पानं चौरस मीटरला वर्षाला अर्धा किलो आणि त्यात १००० मिलिग्रॅम प्रतिकिलो धरलं, तर वर्षाला १०० ग्रॅम. सरळ भागाकाराने १० वर्षं, प्रत्यक्षात जास्त. सहज निघणारं आर्सेनिक आधी संपतं, लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेलं मागे राहतं.

दुसरी बाजूही पाहा. उन्हाळी धानाला १००० मिमी पाणी दिलंत तर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे त्या तुकड्यावर हंगामाला २० ग्रॅम आर्सेनिक तुम्हीच ओतता. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०१ आहे, तुमचं पाणी दहापट. माझ्या मते नेच्याआधी उन्हाळी धान बंद करा, नाहीतर त्या पाण्याला दुसरा पर्याय शोधा.

धानकरी
कापलेली पानं बांधावर जाळली तर चालेल ना?

वाफा_आणि_विळा
अजिबात नाही. आर्सेनिक ट्रायऑक्साइड धुरातून उडतं, उरलेलं राखेत बसतं आणि ती राख कोणीतरी शेतात टाकतं. कंपोस्ट किंवा गुरांचा चारा तर नकोच. सावलीत ताडपत्रीवर वाळवा, हातमोजे-मास्क घाला, घट्ट पिशवीत बांधून पावसापासून लांब ठेवा. मातीमोल यांच्या हिशेबाने वर्षाला १०० किलो सुका माल होईल. तो घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. उचलायला ते तयार आहेत का आणि दर काय, हे रोपं आणण्याआधी विचारून घ्या.