७ महिन्यांचं बाळ आणि ३ वर्षांचा दादा: खेळणी कोणती घ्यावीत?

मुलुंडची_मावशी:
बहिणीचं बाळ ७ महिन्यांचं, दादा सव्वातीन वर्षांचा. दोघांचं मिळून दीड हजाराचं बजेट आहे. लाकडी खेळणी घ्यायचं मनात आहे, पण बऱ्याच लाकडी खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का दिसत नाही. मग घ्यावीत का? आणि बाळाला वॉकर आणू की पांगुळगाडा? दोन्ही एकच ना?

बालवाडी_ताई:
घरात दोन वयांची मुलं असली की नियम धाकट्याचा चालतो. दादाच्या खेळण्याचा सुटा भाग बाळाच्या तोंडात जाणारच, हे धरूनच निवडा.

पुठ्ठ्याला ३.२ सेंमी व्यासाचं भोक पाडा (दहाचं नाणं २.७ सेंमी असतं, त्याहून थोडं मोठं). जो आखूड तुकडा त्यातून आरपार जातो, तो ३ वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. चेंडूला एवढं माप पुरत नाही. गोल वस्तू घशात चपखल बसते आणि हवेला वाटच राहत नाही, म्हणून चेंडू ४.५ सेंमीपेक्षा मोठाच हवा.

बाळाला खुळखुळा द्या, पण हलका. या वयात बाळ तो स्वतःच्याच कपाळावर आपटतं. दांडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा जाड असला की मुठीत नीट बसतो आणि या हातातून त्या हातात घेता येतो. जोडीला स्टीलची वाटी नि लाकडी चमचा. त्याचे पैसेही पडत नाहीत.

दादाला साधे चौकोनी ठोकळे, ४ सेंमीचे, निदान ३० तरी. दहा-बाराच असले की एक मनोरा होतो आणि खेळ संपतो. भातुकली या वयाला फारच छान, फक्त पत्र्याची असेल तर कडा दुमडलेल्या आहेत का, ते बोट फिरवून बघा.

सुतारपेटी:
शिक्क्याबद्दल. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हापाशी 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासा. मात्र हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला यातून सूट आहे. त्यामुळे शिक्का नाही म्हणजे माल वाईटच, असं नाही. तिथे तपासणी आपण करायची.

ओलं पांढरं फडकं अर्धा मिनिट जोरात घासा. रंग उतरला तर घेऊ नका. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी लेथवर लाखेने रंगवतात, ती बाळासाठी चांगली. पण लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून 'निर्जंतुक करू या' म्हणत उकळू नका. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळं दादाच्या भाजीवाल्याच्या खेळाला द्या, चावायला बाळाला नकोत. देठ वेगळा चिकटवलेला असेल तर ओढून बघा.

ठोकळे एकावर एक रचूनच घ्या. मापात दोन मिलिमीटरचा फरक असला तरी पाच-सहा ठोकळ्यांनंतर मनोरा कलतो आणि मूल कंटाळून उठतं. प्लायवूडचे टाळा, कडेला कुसळं निघतात.

मुलुंडची_मावशी:
ताई, सुतारपेटीदादा, खूप आभार. गाणी वाजणारं एखादं चालेल का? वॉकरचं राहिलंच.

बालआरोग्य:
बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच घ्या. चपटी बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या. सुटे लोहचुंबक तर घरातच नकोत. दोन गिळले गेले की आतड्याचे पदर मध्ये चिमटले जाऊन भोक पडतं. आवाज आपल्या कानाशी धरून ऐका, मूल तसंच धरतं.

वॉकर आणि पांगुळगाडा एक नव्हेत. वॉकरमध्ये बाळ आत बसतं, पायाच्या एका रेट्यात जिन्यापर्यंत पोहोचतं, आणि चालणंही त्याने लवकर येत नाही. कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे. पांगुळगाडा बाळ उभं राहून ढकलतं, पण आत्ता नको. धरून उठायला आणि भिंतीच्या आधाराने पावलं टाकायला लागलं की आणा. हलका असेल तर दांडा धरून उठताना तो मागे, बाळाच्या अंगावर उलटतो. तळाच्या फळीवर किलो-दोन किलोची वाळूची पिशवी घट्ट बांधा. चाकं गुळगुळीत फरशीवर सुसाट पळत असतील तर त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा.