पावसाळ्यात घरात अडकलेले दोन मुलगे, रोजची मारामारी आणि घरकाम : सल्ला हवा आहे

प्रश्न : डिचोलीची आई

सर्वांना नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यातील एका वाड्यावर राहतो. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि आठ व पाच वर्षांचे दोन मुलगे असे सहाजण आहोत. माझे यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस मुले जागी असताना ते घरी नसतात, आणि असले तरी रात्रपाळी करून झोपलेले असतात. मी सकाळची नोकरी आटोपून दुपारी दोनच्या सुमारास घरी येते.

उन्हाळ्यात मुले संध्याकाळी देवळासमोरच्या मांडावर खेळत असत, त्यामुळे त्यांची रग तिथेच जिरत होती. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र दोघेही सोप्यावर आणि आतल्या खोलीत अडकले आहेत आणि दर अर्ध्या तासाने एकमेकांच्या अंगावर जात आहेत. मागच्या मंगळवारी थोरल्याने बुटांच्या खोक्याची कदंबा बस, म्हणजे आमची सरकारी बस, केली होती. तिला चाके म्हणून बाटल्यांची झाकणे लावली होती आणि पुढच्या बाजूला 'डिचोली–पणजी' असे लिहिले होते. धाकटा त्या बसमध्ये बसायला गेला आणि खोके चिरडले. थोरल्याने त्याच्या खांद्याला असा चावा घेतला की दातांची लाल कमान संध्याकाळपर्यंत दिसत होती. मी रागाच्या भरात थोरल्याला थप्पड मारली. तो रडला नाही. ओठ घट्ट मिटून दाराआड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी हाक मारली तरी वळला नाही.

मला खरा धक्का त्याच रात्री बसला. धाकटा उंबऱ्याला ठेचकाळून रडू लागला, तेव्हा थोरला त्याला म्हणाला, "रडतोस काय असा? मुलगा ना तू?" हे वाक्य त्याने बाहेरून आणलेले नाही. आमच्या घरातले प्रत्येक मोठे माणूस ते त्याला केव्हा ना केव्हा म्हणाले आहे, आणि त्यात मीही आहे.

मुलग्यांची एवढी मारामारी स्वाभाविक असते का, आणि मोठ्यांनी मध्ये केव्हा पडावे? हातात मोबाईल न देता त्यांना घरात कशात गुंतवावे? मी थोरल्याला ताटे घ्यायला किंवा केर काढायला सांगितले की सासूबाई ते काम त्याच्या हातून काढून घेतात आणि म्हणतात, "मुलग्यांना कसली ही कामे लावतेस?" त्या मनाने वाईट नाहीत, नातवांवर त्यांचा फार जीव आहे, त्यामुळे त्यांना न दुखावता मार्ग कसा काढावा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : माशेलची वहिनी

ताई, माझे तीन मुलगे आहेत, दहा, सात आणि चार वर्षांचे, त्यामुळे तुमचे घर माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

मध्ये केव्हा पडावे हे ओळखण्यासाठी मी दंगामस्ती आणि मारामारी यांत फरक करायला शिकले, आणि तो फरक मुलांच्या तोंडांकडे पाहिले की कळतो. दंगामस्तीत तोंडे हसरी असतात, आता वर असलेला थोड्या वेळाने आपणहून खाली जातो, जास्त ताकदीचा मुलगा मुद्दाम जोर कमी लावतो, आणि खेळ संपला तरी मुले एकमेकांजवळच राहतात. मारामारीत कपाळाला आठ्या असतात, एकच जण सतत खाली असतो आणि सुटका होताच तो लांब पळतो. पहिल्या प्रकारात आपण ओरडलो, तर मुलांना अंगमेहनतीचा एक चांगला खेळ आपण बंद करतो, असे माझे ठाम मत आहे. आम्ही जुन्या कापसाच्या दोन गाद्या माजघरात पसरून ठेवल्या आहेत. कुस्ती त्या गाद्यांवरच करायची, गळ्याला आणि डोळ्यांना हात लावायचा नाही, आणि कोणीही "पुरे" म्हटले की त्याच क्षणी सोडायचे, एवढे तीनच नियम आहेत. चार वर्षांच्या धाकट्यालासुद्धा "पुरे" या शब्दाचा मान राखला जातो हे कळल्यापासून त्याचे किंचाळणे कमी झाले आहे.

दुसरे असे, की पावसाला एवढे घाबरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांपुढील मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल मिळायला हवी. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तो थांबण्याची वाट पाहत बसलो तर मुलांची हालचाल चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, लांबणीवर पडेल. वीज कडाडत नसेल तर मी त्यांना अंगणात भिजू देते. परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कोरडे कपडे हे ठरलेले. पायाला जखम असेल तर मात्र साचलेल्या पाण्यात आणि चिखलात जाऊ देत नाही, कारण लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा धोका असतो. आमच्या गावी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो, तेव्हा पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे अंगाला तेल लावून चिखलात लोळतात. मुलांच्या अंगातल्या रगेला वाट हवी असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असावे असे मला तो खेळ पाहताना नेहमी वाटते. या वर्षी मुलांना घेऊन अवश्य या.

उत्तर : पेडण्याचा निवृत्त मास्तर

मी सरकारी प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवले आहे. त्या आधाराने थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. चार-पाच वर्षांच्या मुलग्यांमध्ये पुरुषी संप्रेरकांची लाट येते आणि म्हणून ते मारकुटे होतात, असे हल्ली अनेक पालक ऐकून येतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते हे खरे. पण त्यानंतर वयात येईपर्यंत ते मुलग्यांमध्येही अगदी कमी असते. तेव्हा पाच किंवा आठ वर्षांच्या मुलाच्या चावण्याचे खापर संप्रेरकांवर फोडता येत नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र फार सावकाश पिकतो, आणि हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. आपल्या आठ वर्षांच्या थोरल्याने राग गिळावा अशी अपेक्षा आपण ठेवतो, तेव्हा जे त्याच्याजवळ अजून पुरते तयार नाही तेच आपण मागत असतो. ते तयार होण्यासाठी शेजारी शांत असलेले मोठे माणूस लागते.

मंगळवारच्या प्रसंगाबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नये. चावा घेणे चुकीचे होतेच, परंतु त्याआधी त्या मुलाची बस मोडली होती. झाकणांची चाके लावून, पाटीवर गावाचे नाव लिहून त्याने केलेली ती वस्तू त्याच्या दृष्टीने खोके नव्हते. त्या नुकसानाबद्दल घरातले कोणी एक शब्द बोलले का? माझ्या वर्गात अशा वेळी मी आधी मार खाल्लेल्या मुलाला पाहत असे, आणि मग मारणाऱ्याला बाजूला घेऊन त्याचे काय गेले ते मीच शब्दांत सांगत असे: "तुझी बस मोडली, तू किती वेळ घालवला होतास, तुला फार राग आला." बहुतेक मुलगे एवढे ऐकताच रडू लागत, आणि रडले की त्यांच्याशी बोलता येत असे. पुढचे वाक्य असे, "राग आला तर ओरड, मला हाक मार, पण दात लावायचे नाहीत." तुमचा मुलगा थप्पड खाऊन रडला नाही याची मला चाव्यापेक्षा अधिक काळजी वाटते. रडणे बंद झालेल्या मुलग्याचे दुःख संपलेले नसते. ते दुसऱ्या वाटेने, बहुधा हातापायांतून, बाहेर पडते. आपण त्याची माफी मागावी. आई-वडिलांनी मुलाची माफी मागितल्याने त्यांचा मान कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही.

गुंतवण्याबद्दल विचारले आहे, तर घरात घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडे चढवलेले वाद्य, आहे का ते पाहा. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत असत. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात छोटे घुमट बसते, आणि धाकट्याला कासाळे (झांज) देता येते. चवथीच्या आरतीचे ठेके आतापासून रोज अर्धा तास शिकवले, तर हाताला काम मिळते आणि कानही तयार होतो. मुख्य म्हणजे एकाने ठेका धरल्याशिवाय दुसऱ्याचे वाजत नाही, त्यामुळे एकमेकांचे ऐकावेच लागते. तुमचे सासरे वाजवीत असतील तर गुरू घरातच आहे.

उत्तर : फोंड्याचा बाबा

मीही पाळीने काम करतो, म्हणून फक्त वडिलांच्या बाजूने थोडेसे लिहितो. "बाबा झोपलेत, गप्प बसा" हेच माझ्या मुलाला माझ्याविषयी सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागत होते, आणि ते लक्षात आल्यावर मला वाईट वाटले. आता आंघोळ घालण्याचे काम माझे आहे, कोणतीही पाळी असली तरी. सकाळी जमले नाही तर संध्याकाळी. आम्ही दोघे मिळून भाणीखाली, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायच्या भांड्याखाली, आग घालतो. सोडणे (नारळाची सालपटे) आणि चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) आणून देणे त्याचे काम, पेटवणे माझे. एकूण पाऊण तास जातो, पण शाळेत काय झाले, कोणी चिडवले, कशाची भीती वाटली हे सगळे तो जाळाकडे बघत सांगतो. समोर बसवून विचारले तर काही सांगत नाही. ताई, तुमच्या यजमानांना असे एकच काम ठरवून द्या आणि ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

मोबाईलबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पूर्ण बंदी आमच्या घरी टिकली नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी, अशी मर्यादा आहे. आम्ही अर्धा तास ठरवला आहे, तोही मोठ्या माणसाशेजारी बसून आणि जेवताना कधीच नाही. वेळ ठरलेली असल्याने मागणीची कटकट थांबली.

उत्तर : सत्तरीची आजी

बाय, मी स्वतः सासू आहे आणि आजीही आहे, म्हणून तुझ्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते. नातवाच्या हातातून केरसुणी काढून घेणारी आजी त्याला लाडावण्यासाठी तसे करतेच. पण नातवंडांसाठी राबणे हीच आपली घरातली जागा आहे असेही तिला वाटत असते. काम तू सांगितलेस की ते तिच्या हातून गेल्यासारखे होते. म्हणून काम तिलाच सांगू दे. "आई, तुमच्या हाताखाली थोरला शिकू दे," असे म्हणून बघ. आमच्या घरी मी उकडे तांदूळ निवडायला बसते तेव्हा नातू खडे वेचतो, आणि खडा सापडला की जिंकल्यासारखा तळहातावर धरून दाखवतो. शेवग्याच्या शेंगा सोलणे, पाने पुसणे, नारळ फोडताना वाटी धरून पाणी झेलणे, ही कामे पाच वर्षांच्या मुलालाही येतात. विळीजवळ मात्र लहानाला एकटे सोडू नये.

"मुलग्यांची कामे नव्हेत" असे त्या म्हणाल्या, तर देवळातल्या समाराधनेचा, म्हणजे गावजेवणाचा, स्वयंपाक कोण करतो ते प्रेमाने विचार. रांदपी, म्हणजे आचारी, पुरुषच असतात. शंभर माणसांचे खतखते (मिश्र भाजी) पुरुषांनी केले तर चालते, मग घरातले ताट उचलले म्हणून कोणाचे काय बिघडते? आणि चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट, घरातले पुरुष आणि मुलगेच बांधतात की नाही? कवंडळे, कांगला, तोरिंगे, सुपारीचे शिंपटे, घागऱ्या ही सगळी नावे मुलांना आजीनेच शिकवायची असतात. रानात काय केव्हा पिकते हे आतापासून सांगत गेले तर मुले तिच्याभोवतीच बसतील.

झोपेकडेही लक्ष दे. पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. आमच्या घरी संध्याकाळी सहानंतरची भांडणे ही बहुधा अपुऱ्या झोपेची आणि भुकेची असत. हे लक्षात आल्यापासून मी साडेपाचला पेज किंवा उकडलेले रताळे देते, आणि सातच्या आधीच घर शांत होते.

डिचोलीची आई

सर्वांनी एवढ्या आपुलकीने आणि वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे.

मास्तरांचे उत्तर वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, कारण बसच्या नुकसानाबद्दल खरोखरच कोणी एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी थोरल्याला जवळ घेऊन सांगितले, की मी मारले ते चुकले, आणि तुझी बस मोडली याचे मला वाईट वाटते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "तुला पाटी दिसली होती?" मी म्हटले, "दिसली होती. डिचोली–पणजी." त्यानंतर तो माझ्या मांडीवर डोके ठेवून खूप रडला. सासूबाई दारात उभ्या होत्या. नेहमीचे वाक्य त्यांच्या ओठांवर आले असावे, पण त्या काही न बोलता आत गेल्या आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

गाद्या पसरल्या आहेत आणि "पुरे" हा शब्द दोघांनाही पाठ झाला आहे. मारामारी थांबलेली नाही, पण काल चार वेळा मला उठावेच लागले नाही. आंघोळीचे काम यजमानांनी स्वतःहून घेतले. तांदूळ निवडण्याचे मात्र जमले नाही, धाकट्याने खड्यांसह तांदूळही खिडकीतून बाहेर टाकले, म्हणून सासूबाईंनी त्याला शेंगा सोलायला बसवले आहे. थोरला जेवण झाल्यावर ताटे उचलतो, आणि आता त्या ती त्याच्या हातून काढून घेत नाहीत.

सासऱ्यांनी माळ्यावरून जुने घुमट काढले, परंतु त्याचे कातडे फाटलेले आहे. डिचोली किंवा म्हापसा परिसरात बकऱ्याचे कातडे चढवून देणारे कारागीर कोणाला ठाऊक असतील, तर कुठे चौकशी करावी ते कृपया कळवावे; चवथीपूर्वी ते वाजते झाले पाहिजे, असा दोघांचाही रोजचा तगादा आहे.